केरीच्या वाळूतल्या एकतीस जागा

ही हकीकत मी चौदा वर्षं टाळली. विसरलो होतो असं नाही. कोणी विचारलं तर सांगायला एक वाक्य तयार ठेवलं होतं, ते सांगून मोकळा व्हायचो. ते वाक्य खोटं होतं. गेल्या शिगम्याच्या, म्हणजे शिमग्याच्या, आधीच्या आठवड्यात मी चार दिवस सुर्ला, केरी, पेडणे असा फिरून आलो. डिचोलीतल्या माझ्या गावाहून, लाटंबार्शाहून, केरी काही फार लांब नाही, दोन बस बदलल्या की माणूस समुद्रावर उभा राहतो. तरी मला तिथे पोहोचायला चौदा वर्षं लागली. म्हणून आधी प्रवासामागचं कारण सांगतो, मग प्रवास.

मी सरकारी कचेरीत मोजणीदार होतो. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हा किनारपट्टीच्या आराखड्याचं काम आलं. किनाऱ्यावर कुठे काय आहे, कोण काय वापरतं, हे गावोगाव जाऊन नोंदवायचं आणि नकाशावर चढवायचं. जे नकाशावर चढेल ते राखलं जाणार, जे चढणार नाही त्या जागी पुढे काहीही येऊ शकणार. केरी माझ्याकडे होतं. कामाची मुदत अशी की मला आषाढात जावं लागलं.

आषाढात समुद्र बंद असतो. होड्या झावळ्यांच्या माटवात म्हणजे मांडवात, रापणीची, किनाऱ्यावरून ओढायची, जाळी घरात, आणि वाळूवर सगळीकडे मर्यादवेल पसरलेली. त्या पावसात जानकीबाय नावाची पन्नाशीची एक बाई डोक्यावर खोळ घेऊन माझ्यामागून चालत आली आणि म्हणाली, "साहेबानु, हंय आमची सुकवण आसा. ती लिवा."

सुकवण म्हणजे मासळी वाळत घालायची जागा. मला वेलीशिवाय काही दिसेना. तसं म्हटल्यावर ती हसली. "पावसात येवन सुकवणीची जागा बघतास? व्हकल घरात नसताना लगीन बघूक इल्यासारख्या जाला." व्हकल म्हणजे नवरी. "दसऱ्यानंतर येवा, बांगड्यांनी वाळू दिसूची नाय."

मग तिने मला ती जागा चालून दाखवली. एकतीस घरांच्या एकतीस जागा. बांध नाही, खुंटी नाही, फक्त आठवण. मी टेप धरला, तिने दुसरं टोक धरलं, आणि मी कच्च्या वहीत पेन्सिलीने सगळं उतरवून घेतलं. दसऱ्यानंतर पुन्हा येतो, असं सांगून निघालो.

कचेरीतल्या तक्त्यात रकाने होते: होड्या, जाळी, माटव, धक्का. मासळी सुकवण्याला रकाना नव्हता. बायकांच्या कामाला रकानाच नव्हता, असं म्हणा. शेऱ्याच्या जागेत मला लिहिता आलं असतं. माझ्या साहेबांनी विचारलंसुद्धा, "केरीला पुन्हा जायला हवंय का?" मी म्हटलं, "गरज नाही." चतुर्थी तोंडावर आली होती, घरी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची होती, ही झाली सबब. खरं कारण असं की सुकी मासळी ही सरकारी नकाशावर चढवण्याची गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही. शेऱ्यात मी लिहिलं, 'मोकळी जागा'.

आराखडा आला. पुढच्या दोन वर्षांत त्या जागेवर गाड्यांचा तळ झाला. पावसाळ्याआधीच्या पुरुमेताच्या बाजारात, म्हणजे चार महिन्यांची बेगमी आम्ही डिचोलीला जिथे भरतो तिथे, जानकीबाय खारं, म्हणजे खारवलेली सुकी मासळी, विकायला बसली होती. तिने मला ओळखलं. "साहेबानु, तुमी लिवलात मां? मग आमची जागा गेली कशी?"

आणि मी ते वाक्य उच्चारलं. "मी लिहिलं होतं. वरच्यांनी काढून टाकलं."

तिने ते खरं मानलं. गावाने खरं मानलं. पुढे केरीच्या बायकांनी हरकतीचा अर्ज केला, त्यात हेच वाक्य घातलं. कचेरीने उत्तर दिलं की तुम्हीच म्हणता नोंद झाली होती आणि वरिष्ठांनी ती वगळली, म्हणजे विषय तपासून निकाली निघालेला आहे. माझ्या खोट्या वाक्याने त्यांचा अर्ज बुडाला. हे मला तेव्हाच कळलं होतं. मी गप्प राहिलो.

यंदा नव्या आराखड्याच्या हरकती सुरू झाल्या आणि जानकीबायच्या सुनेचा, मनीषाचा, फोन आला. "काकानु, तुमच्याकडे तेव्हाचा काय कागद आसा काय? सुनावणी आसा पेडण्यात. तुमी इलात तर बरां जायत." वही माझ्या माळ्यावर होती. मी येतो म्हटलं.

सुर्ला

केरीला जाण्याआधी मी उलट्या दिशेला गेलो, सुर्ल्याला, माझ्या अक्काकडे. का गेलो ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता वाटतं, मोठ्या माणसाकडून हाकलून घ्यायला गेलो असेन.

लाटंबार्शात या दिवसांत काजूचे बोंडू लाल-पिवळे लोंबत असतात, निऱ्याचा, म्हणजे त्यांच्या रसाचा, वास वाऱ्यावर असतो. सुर्ल्यात शिरलं की रंग बदलतो. रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर खनिजाची तांबडी पूड. ट्रक आता पूर्वीसारखे एकामागे एक धावत नाहीत, पण पूड उतरायला तयार नाही. अक्काने उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा आणि मिठातली तोरं, म्हणजे लहान कैऱ्या, पुढे ठेवली. बांगडा मोडताना मी विचारलं, हा कुठला.

"बाजारातलो. पयलीं केरीच्यो बायलो हाडटाल्यो, तो बरो आसतालो. आतां कोण हाडटा कळना." अक्का बोलताना निम्मी कोंकणी बोलते. पूर्वी केरीच्या बायका आणायच्या, आता कोण आणतं कळत नाही, असं तिचं म्हणणं.

जेवून आम्ही तिच्या मळ्यात गेलो. तिच्या सासऱ्यांचं भातशेत. खाणीचा गाळ पावसात वाहून येऊन त्यावर बसला, तीन वर्षं पीक आलं नाही, तेवढ्यात कोणीतरी पाहणी करून कागदावर 'पडीक' असा शब्द लिहून गेलं. तेव्हापासून नुकसानभरपाईच्या प्रत्येक अर्जाला एकच उत्तर: पडीक जमिनीचं नुकसान कसलं?

अक्का बांधावर उभी राहून म्हणाली, "तुज्यासारख्यानंच कोणी बरयलें आसतलें. पावसांत आयलो, चिखल पळयलो, बरयलें आनी गेलो."

बरयलें म्हणजे लिहिलं. तिला माझं काहीच माहीत नव्हतं. ती तिच्या मोजणीदारावर बोलत होती. मी बांधावरच बसलो आणि तिला सगळं सांगितलं. शेऱ्यातले दोन शब्दही सांगितले, पुरुमेतातलं वाक्यही सांगितलं. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी असलेली ही बाई, तिने पुरं ऐकून घेतलं आणि पदराने तोंड पुसलं.

"आनी हें तूं म्हाका सांगता? हांव कोण? हांगा कित्याक बसला मरे तूं? वच थंय."

इथे का बसलास, तिकडे जा, एवढंच ती म्हणाली. परतताना तिने आणखी एक विचारलं. "सायबान विचारिल्लें, वचपाक जाय काय म्हूण?"

"विचारलं होतं."

"मागीर सायबाचें नांव कित्याक इबाडलें?"

म्हणजे साहेबांचं नाव का खराब केलंस. साहेब वारून आता सात वर्षं झाली. त्यांच्यावरही मी ते वाक्य ढकललं होतं. तिथेच मी ठरवलं की नुसती वही पुढे करून भागणार नाही.

केरी

केरीत उतरलो की आधी सुरूच्या झाडांचा आवाज ऐकू येतो, समुद्र नंतर. उजवीकडे तेरेखोलची नदी समुद्राला मिळते, पलीकडे टेकडीवर किल्ला. आमच्या डिचोलीत पाणी म्हणजे तळं, वझर, पाट. ते कुठेतरी अडवलेलं असतं आणि कोणाचा तरी हात त्यावर असतो. इथे सगळं उघडं. उघड्या जागेला मालक नसतो असं समजण्याची आम्हा भातशेतीवाल्यांना सवय आहे. माझ्या चुकीत तिचाही वाटा आहे.

माझी 'मोकळी जागा' मला दिसली. नायलॉनच्या दोरीने घेरलेली, आत गाड्या, एक फळी रंगवून लावलेली. दोरीबाहेर, रस्ता आणि वाळू यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात नऊ-दहा बायका मासळी पसरून बसल्या होत्या. गाडी वळली की धूळ उडायची आणि बांगड्यांवर बसायची. बायका सुपाने वारा घालायच्या.

मी जवळ जायला निघालो तर एक बाई ओरडली, "अहो म्हाताऱ्यानु! पाय खंय घालतास? ती चपला भिजलेली आसत!"

नदीकाठच्या ओलीतून आलो होतो. सुकवणीत ओल्या पायाने शिरायचं नाही, तिथे पाणी पडलं की मासळी किडते. मी चपला हातात घेतल्या तर वाळू अशी तापलेली की एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागलो. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "शिगम्याक वेळ आसा हो अजून!" एकीने म्हटलं.

त्या हसण्यात एक आवाज ओळखीचा होता. जानकीबाय आता पासष्टीची, केस पांढरे, पण खांदे तसेच रुंद. ती उठली, हात पुसले.

"इलात? माका म्हायत होता, तुमी येतलात. ह्यां बघा गो बायांनो, हेच ते मोजणीदार. ह्यांनीच लिवलेलां. वरच्यांनी कापल्यानी."

बायकांनी हात जोडले. माझ्या हातात चपला होत्या, मला हातही जोडता आले नाहीत.

ती मला सुरूच्या सावलीत घेऊन गेली आणि दोरीच्या आतली जागा बोटाने दाखवत बसली. निळी गाडी उभी आहे तिथे तिच्या सासूची जागा. त्या फळीखाली दोन जावांची, त्या बारा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या तरी जागा शेजारी होत्या. समुद्राकडची, वाऱ्याच्या तोंडाची रांग विधवांची.

"त्यांनाच का?" चौदा वर्षांपूर्वी मी हे विचारलं नव्हतं.

"थंय बेगीन सुकता. जिच्या घरात पुरुस नाय, तिका रापणीचो वाटो कमी येता. मग निदान वारो तरी चड गावाचो, असां आमच्या म्हाताऱ्यांनी ठरयलेला. त्येका कोण भांडूक नाय कधी."

निदान वारा तरी जास्त मिळावा: मी वही काढून ती ओळ शेजारी पेनने लिहिली. सरकारी तक्त्यात असा रकाना अजूनही नसेल.

"आणि आता त्या विधवा?"

"आता सगळ्यांक सारखोच धुळो."

तिने माझ्या हातात एक काठी दिली आणि कावळे राखायला बसवलं. इथे पाहुण्याला आधी काम देतात, चहा मागाहून. आमच्याकडे आधी पाणी-गूळ, मग चौकशी, काम तर आपण होऊन मागितलं तरी देणार नाहीत. मी आकाशाकडे बघत कावळे हाकलत राहिलो आणि खालून एक कुत्रं दोन बांगडे घेऊन गेलं. "सरकारी राखण," एक बाई म्हणाली, आणि पुन्हा हशा.

मुक्काम मनीषाकडे होता. मनीषा पस्तिशीची, बारावी शिकलेली, सकाळी सासूबरोबर मासळी, दुपारनंतर गावातल्या बायकांचे अर्ज. तिने ओटीवर आराखड्याच्या मसुद्याची भली मोठी छापील प्रत पसरली. नकाशा इंग्रजीत. नदीच्या मुखाशी जेटी जांभळ्या रंगात, पाण्यातल्या खेळांची जागा निळ्या रंगात, गाड्यांचा तळ राखाडी. सुकवण नाही.

"नोटीस होडीवाल्यांक इली," ती म्हणाली. "बायलांच्या नावार होडी नाय, म्हणान बायलो मच्छीमार नाय. सुनावणी सकाळी धा वाजता. त्या वेळार आमी बाजारात. मी एकटी जातंय, बाकीच्यांचो बाजार बुडता."

तिने अर्ज वाचून दाखवला. तिसऱ्या परिच्छेदात माझं वाक्य होतं, स्वच्छ अक्षरात: 'सदर जागेची नोंद सर्वेक्षणात झाली होती, परंतु वरिष्ठांनी ती वगळली.'

"हे काढ," मी म्हटलं.

"कित्याक? ह्याच तर आमचां मुख्य आसा."

"याच्यामुळेच मागचा अर्ज गेला. निकाली निघालेला विषय पुन्हा उघडता येत नाही, असं म्हणाले ना? हे काढ. उद्या मी सांगतो काय झालं ते."

तिने परिच्छेदावर रेघ मारली. जानकीबाय आतून किसमूर घेऊन आली, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, ओलं खोबरं, कांदा, वर कोकम. तिने मला दोनदा वाढलं. मला चव लागली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. चव उत्तम होती, त्याचाच त्रास झाला.

पेडणे

सभागृह पंखेवालं, खुर्च्यांना पांढरी कापडं. विषयपत्रिका दाराशीच लावलेली. पहिला विषय जेटी, दुसरा पाण्यातले खेळ, तिसरा रस्ता आणि गाड्यांचा तळ, मग धूप थांबवायची भिंत. आमचा सगळ्यात शेवटी, 'इतर हरकती'. सरकारला काय आधी हवं आहे हे कळायला भाषण ऐकायची गरज नव्हती, तो एक कागद पुरे होता.

जेटीवर दीड तास गेला. पडद्यावर रंगीत चित्रं. होडीवाले तावातावाने बोलले, आणि ते बरोबरच बोलत होते, जेटी जिथे दाखवली तिथे रापण ओढतात. त्यांचा विषय संपला तसे ते उठून गेले, त्यांना डिझेल भरायचं होतं. दीड वाजता 'इतर हरकती' पुकारलं तेव्हा सभागृहात आम्ही दोघं, दोन कारकून, चहावाला आणि व्यासपीठावरच्या अधिकारी बाई. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. सकाळपासून बसून थकल्या होत्या.

मनीषा उभी राहिली. ती सरळ बोलली. "म्याडम, आमची मागणी सोपी आसा. आमी पावसात दिसत नाय, म्हणान आमी नाय असां लिवू नकात."

बाईंनी अर्ज चाळला. "याच जागेचा आधी अर्ज आला होता. वरिष्ठांनी नोंद वगळली, असं तुम्हीच लिहिलं होतं. मग तो झालेला निर्णय आहे."

मी उठलो. गुडघा धरला होता, खुर्चीच्या पाठीला हात टेकला.

"बाई, तो निर्णय झालाच नव्हता. त्या वेळचा मोजणीदार मी. ही नोंद वरिष्ठांपर्यंत गेलीच नाही. मी ती तक्त्यात घेतली नाही."

"कोणी सांगितलं होतं घेऊ नका म्हणून?"

"कोणी नाही. साहेबांनी उलट विचारलं होतं, पुन्हा जायला हवं का. मी नाही म्हटलं. मोकळी जागा असा शेरा माझा. वरच्यांनी कापलं ही गोष्टही मीच पसरवली. ती खोटी आहे."

शेजारी मनीषा बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

बाई सरळ होऊन बसल्या. "काका, हे तुम्ही लिहून द्याल?"

"लिहूनच आणलंय." सकाळी केरीच्या देवळाच्या पायरीवर बसून दोन पानं लिहिली होती. ती दिली, वही दिली. बाईंनी वहीचं पान उघडलं. पेन्सिलीचं पुसट रेखाटन, एकतीस चौकोन, प्रत्येकात घराचं नाव. त्यांनी बोट ठेवून नावं वाचली, सगळी.

"हे पेनने काय लिहिलंय? वाऱ्याची रांग?"

मनीषाने सांगितलं. बाईंनी कारकुनाला बोलावलं. विषय पूर्वी तपासलाच गेला नव्हता, म्हणून आता प्रत्यक्ष पाहणी व्हावी, अशी नोंद सांगितली. मनीषा पटकन म्हणाली, "पावसाच्या आधी, म्याडम. आणि दुपारी. दुपारी बायलो घराकडे आसतत." तेही लिहून घेतलं. जागा मिळाली असं नाही. पण विषय उघडला, आणि माझी सही असलेला कागद त्या फायलीत गेला. आता तो कोणाला काढता येणार नाही, मलाही नाही.

बाहेर हॉटेलात पाव-भाजी मागवली. मनीषाने पाव मोडला आणि तसाच ठेवला.

"इतकी वर्सां माझी सासू तुमचां नाव घेता. गावात कोण वायट बोललो तर म्हणता, सगळे सारखे नसतत, तो मोजणीदार बघा."

मी भाजीची ताटली तिच्याकडे सरकवली.

"पुरुमेताच्या बाजारात खरां सांगितलां असतास, तर तेवाच अर्ज वेगळो केलो असतो आमी. तेवा थंय दोरी पण नव्हती."

"हो."

"मी तिका सांगूचंय नाय. तुमी सांगा."

केरीला परतेपर्यंत ती बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना मात्र माझी पिशवी तिने घेतली.

जानकीबाय वाळूतच होती. "जाला मां काम?" तिने लांबूनच विचारलं. मनीषाने पाहणीचं सांगितलं. सगळ्या बायका उठून आल्या, कोणीतरी माझ्या पाठीवर थोपटलं. मी म्हटलं, "जानकीबाय, जरा बोलायचंय." ती म्हणाली, "बोलया, बोलया, आधी ह्यां उलटूया, वारो पडलो." आम्ही बांगडे उलटत गेलो. ती पुढे, मी मागे. सूर्य बुडाला, बायका टोपल्या भरून निघाल्या, आणि मी बोललो नाही. उद्या सकाळी सांगू, असं मनाशी म्हटलं.

म्हापसा

सकाळी मी उठलो तर जानकीबाय पहिल्या गाडीने म्हापशाच्या बाजाराला गेलेली. मनीषाने चहा आणि पोळी, ती जाड कोंड्याची, पाववाल्याकडची, पुढे ठेवली. मी 'भेट झाली नाही' असं म्हणू शकलो नाही, कारण माझी लाटंबार्शाची बस म्हापशावरूनच सुटते.

म्हापशाला उतरलो आणि थेट मासळीबाजारात गेलो. सुक्या मासळीच्या रांगेत ती होती. एका गिऱ्हाइकाशी हुज्जत चालू होती. त्याला बांगड्याला धुळीचा वास येत होता. ती म्हणत होती, "येतलो. रस्त्यार सुकयलेलो आसा. पुढच्या वर्साक येवा, दर्याच्या वाऱ्याचो दितंय."

मी तिच्या पाटीसमोर उभा राहिलो. वाक्य तयार होतं. खोटं नव्हे, दुसरं. बसमध्ये मी ते तिच्या बोलीत दहा वेळा मनात म्हणून पाहिलं होतं. आदल्या दिवशी पंख्यांखाली, सरकारी कागदावर, परक्या अधिकारी बाईंसमोर मी सगळं सांगितलं होतं, आवाजही कापला नव्हता.

जानकीबायने मला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. शेजारच्या बाईच्या गुडघ्यावर तिने थाप मारली.

"गो, हेच ते. त्या वक्ताक आमची जागा लिवलेले. आता परत इले, म्हाताऱ्या पायांनी. असो मनीस गावाचो नाय."

असा माणूस मिळणार नाही, हे ऐकून शेजारच्या बाईने मला वाकून नमस्कार केला. गिऱ्हाईकसुद्धा माझ्याकडे वळून बघायला लागलं.

"काय सांगूचां होता काल?" जानकीबायने विचारलं. "मी विसारलंच. सांगा."

मी म्हटलं, "काही नाही. येतंय."

"येवा, येवा. पाहणीक येवाच." आणि ती पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळली.

पाहणी झाली. मी गेलो नाही, गुडघ्याचं कारण सांगितलं. मनीषाने फोनवर कळवलं की दोरी सोडून त्या दिवशी एकतीस घरांच्या बायका आपापल्या जागी उभ्या राहिल्या, मयत झालेल्यांच्या जागी त्यांच्या सुना, आणि अधिकारी बाई वही हातात घेऊन एकेकीपुढून चालत गेल्या. वाऱ्याच्या तोंडाची रांग पहिल्यांदा मोजली. जागा नव्या नकाशावर चढेल की नाही, ते अजून ठरायचं आहे. फोन ठेवताना मनीषाने विचारलं, "तिका सांगितलात?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मी पण नाय."

सरकारच्या फायलीत खरं गेलं. जिच्याकडे जायला हवं होतं तिच्याकडे गेलं नाही. मासळीबाजारात, तिच्या पाटीसमोर, तिने 'सांगा' म्हटल्यावर म्हणायचं होतं ते एवढंच:

जानकीबाय, तुमची जागा कोणी कापूक नाय. मी ती लिवूकच नाय. तुमी पावसात माका ती चालान दाखयलात, आणि मी घराकडे जावन मोकळी जागा म्हणान लिवलंय. मागीर तुमच्या तोंडार खोटां बोललंय. माका माफ करा.